मेळाव्याला नेलेली वही

डिसेंबरात दापोलीहून फोन आला. आमच्या कृषी महाविद्यालयात जानेवारीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला होता आणि यंदाचा विषय होता उद्योजकता. फोनवर बोलणारा मुलगा मला चार वर्षं ज्युनिअर, आता तिथेच शिकवतो. "ताई, वीस मिनिटं द्या. तुमची यशोगाथा सांगा, पोरांना जरा हुरूप येईल."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि तो 'यशोगाथा' शब्द मनात टोचत राहिला.

कुडाळजवळ माझं कोकम प्रक्रियेचं लहानसं युनिट आहे. अमृत कोकम म्हणजे सरबताचा साखरेचा पाक, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आणि आमसुलं. 2014 चा पहिला हंगाम धरला तर अकरा हंगाम झाले. या अकरा वर्षांत दोनदा कुलूप लावायची वेळ आली होती. दोन्ही वेळा माल चोख होता, गिऱ्हाईक होतं, मशीन चालू होतं. फक्त पैसा संपला होता. तो का संपतो हे माझ्या नीट लक्षात यायला चार हंगाम गेले. वीस मिनिटांत मुलांच्या हाती काही द्यायचं तर हेच द्यावं, असं मी ठरवलं. स्लाइड केल्या नाहीत. कपाटातून 2014 ची वही काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदार वापरतात तशी. मे महिन्याच्या पानांवर रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, रसाची जांभळट बोटं उमटलेली आहेत, ती आजही तशीच आहेत.

मांडवी एक्स्प्रेसने दुपारी खेडला उतरले, तिथून एसटीने दापोली. घाट चढायला लागली की हवेत एक गारवा येतो, तो अजून तसाच आहे. 2007 साली पदवी घेऊन याच रस्त्याने उलट गेले होते. तेव्हा वर्गातल्या बहुतेकांचं ठरलेलं होतं, एमपीएससी नाही तर बँकेची कृषी अधिकाऱ्याची परीक्षा. माझंही तेच ठरलं होतं. दोन वर्षं अभ्यास केला, चार वर्षं एका खासगी कंपनीत नोकरी केली आणि मग गावी आले.

सकाळी नोंदणीच्या टेबलावर गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं. त्यावर नावाखाली मोठ्या आकड्यात उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. ही कल्पना मला फार आवडली. लोक आधी वर्ष वाचत होते, मग चेहरा. विद्यापीठ 1972 चं, त्यामुळे 1970 च्या दशकातली मंडळीही आली होती, काठी टेकत, पण डोळ्यांत चमक. रोपवाटिकावाले, काजू कारखानदार, खतांच्या कंपन्यांतले, कृषी खात्यातून निवृत्त झालेले, आणि मागच्या रांगांमध्ये सध्या शिकणारी मुलंमुली. त्यांतल्या काहींनी नुकतंच रावे, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायचं सत्र, संपवलं होतं. सहा महिने गावात कृषिदूत, कृषिकन्या म्हणून राहून आलेली पोरं लगेच ओळखू येतात. उन्हाने रापलेली असतात आणि शेतकऱ्यांच्या भाषेत बोलतात.

उद्घाटन, सत्कार, शाल-श्रीफळ झालं. मग भाषणं. वक्ते मनापासून बोलत होते, त्यांचे कष्टही खरे होते. पण एकापाठोपाठ एक सगळे जिद्दीवर आणि चिकाटीवरच थांबत होते. माझ्या शेजारी अंतिम वर्षाची एक मुलगी वही उघडून बसली होती. तासाभरात तिने पानावर तारीख आणि 'जिद्द' एवढंच लिहिलं होतं. ते पान पाहून माझी उरलीसुरली शंका गेली.

माझी पाळी आली तेव्हा मी फळा मागितला. मुलांनी बाजूच्या वर्गातून पांढरा फळा उचलून आणला. सुरुवातीलाच सांगितलं, की मी 2014 सालचा माझा हिशोब लिहिणार आहे, जसा वहीत आहे तसा.

रातांबे 6,000 किलो, 18 रुपयांनी: 1,08,000.
साखर 6,000 किलो, 32 रुपयांनी: 1,92,000.
बाटल्या, झाकणं, लेबलं, 8,000 नग, 13 रुपयांनी: 1,04,000.
फोडणाऱ्या आठ बायका, तीस दिवस, 200 रुपये रोज: 48,000.
एकूण 4,52,000.

"साखर एवढी?" शेजारच्या त्याच मुलीचा आवाज आला.

हाच प्रश्न मला हवा होता. अमृत कोकमात सालीच्या दुप्पट साखर जाते. सहा टन फळाची साल निघते साधारण तीन टन, तिला साखर लागते सहा टन. म्हणजे कोकमाच्या धंद्यात सगळ्यांत मोठं बिल साखरेचं असतं. कोकम आपल्या परसात आहे म्हणून धंदा स्वस्तात होईल, असं मी समजत होते. कागदावर प्रमाण मला पाठ होतं. त्या प्रमाणाचे रुपये मी कधी केले नव्हते.

मग फळ्यावर बारा रकाने आखले, एप्रिल ते मार्च. खाली तीन ओळी: आले, गेले, उरले.

एप्रिलच्या सुरुवातीला माझ्याकडे होते 1,20,000. महिन्याभरात बाटल्यांची अर्धी रक्कम आणि पहिले रातांबे यांवर 70,000 गेले. उरले 50,000. मे महिन्यात बाकीचे रातांबे, सगळी साखर, उरलेल्या बाटल्या आणि मजुरी मिळून 3,82,000 गेले. 'उरले'च्या ओळीत मी लिहिलं: उणे 3,32,000.

सभागृहात चुळबूज झाली. मी थोडा वेळ काही बोलले नाही, तो आकडा त्यांना बघू दिला.

तो खड्डा कसा भरला, तेही वहीत आहे. साखरवाल्याने महिन्याच्या बोलीवर 1,92,000 चा माल उधार दिला. बाकीच्या 1,40,000 साठी आईच्या पाटल्या बँकेत गेल्या. आईने कपाट उघडून त्या स्वतः माझ्या हातात ठेवल्या होत्या. हे सांगताना आवाज जरा कापला.

आता जून. माल तयार झाला. साल आणि साखर काचेच्या आणि स्टीलच्या भांड्यांत आठवडाभर उन्हात ठेवली की पाक सुटतो, गाळून बाटलीत भरला की झालं. पण कोकम सरबत लोक पितात कधी? मार्च ते मे. आणि माझ्याकडे ते तयार होतं जूनमध्ये, पहिला पाऊस पडताना. वर्षभराची खरेदी सहा आठवड्यांत आणि खरी विक्री दहा महिन्यांनी. मधल्या प्रत्येक महिन्यात मशीनच्या कर्जाचा साडेदहा हजारांचा हप्ता. ही गोष्ट इतकी उघड आहे की कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी माझ्या प्रकल्प अहवालात ती कुठेच नव्हती. अहवालात होतं ते वार्षिक उत्पन्न, वार्षिक खर्च आणि शेवटी नफा. आकडे बरोबर होते, पण त्या अहवालात महिने नव्हते. कृषी अर्थशास्त्राच्या तासाला खेळतं भांडवल, म्हणजे धंदा रोजचा चालवायला लागणारा पैसा, शिकवलं होतं, मी त्यात चांगल्या गुणांनी पासही झाले होते. पण धंदा उभा करताना सगळं लक्ष मशीनवर, कारण मशीन दिसतं आणि अनुदानही त्यावरच मिळतं.

ऑगस्टच्या रकान्यात मी एक आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल केला: 2,70,000. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानसाखळीने 3,000 बाटल्या 90 रुपयांनी उचलल्या होत्या. त्या रात्री घरी आम्ही गोडधोड केलं होतं. ते पैसे आले मार्चमध्ये, सात महिन्यांनी, आणि आले ते 1,89,000. मधल्या काळात 900 बाटल्या 'खप नाही' म्हणून परत पाठवल्या होत्या, काहींची लेबलं ओलीने सुटलेली. मी दर आठवड्याला फोन करत होते, विनवत होते.

"तेव्हा कायदा काय होता?" मी मुलांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मलाही 2014 मध्ये माहीत नव्हतं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल स्वीकारला, की लेखी करार असो वा नसो, पैसे द्यायची मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. जिल्हा उद्योग केंद्राचा नोंदणीचा कागद माझ्या फाइलमध्ये होता. बिलावर त्याचा क्रमांक छापायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

जुलै 2020 पासून लहान उद्योगांसाठी सरकारची उद्यम नोंदणी आली, ती ऑनलाइन आणि फुकट होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची ओळ ठळक अक्षरात असते. 2023-24 या आर्थिक वर्षापासून तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या 43बी(एच) या कलमाने आणखी एक फरक पडला. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च हिशोबात वजा धरता येत नाही. मार्च 2024 मध्ये पहिल्यांदा खरेदीदारांच्या हिशोबनिसांनी स्वतःहून मला फोन करून उद्यमचा दाखला मागितला. मी तो फोन ठेवून बराच वेळ गप्प बसले होते. सात महिन्यांच्या विनवण्या आठवत होत्या. याच कलमाला घाबरून काही खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडून माल घ्यायला लागले, हेही मुलांना सांगितलं.

माझी वीस मिनिटं केव्हाच संपली होती. सूत्रसंचालन करणारा मुलगा घड्याळाकडे बघत होता, पण समोरचं कुणी उठत नव्हतं. तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक निवृत्त बँक अधिकारी उभे राहिले. कार्डावर 1984. ते सरळ फळ्यापाशी आले आणि खडू असल्यासारखं मार्कर बोटांत धरून म्हणाले, "या पोरीला बँकेत कुणी विचारलं नाही आणि हिने मागितलं नाही. दोन्हीकडून चूक झाली."

मग त्यांनी जे समजावलं, ते मला अकरा वर्षांत इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. मशीनसाठी मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट (सीसी), म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे पैसे काढायचं आणि भरायचं खातं; दोन्ही एकाच अर्जात, एकाच दिवशी मागायचं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्रानुसार लहान उद्योगाला अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान 20 टक्के खेळतं भांडवल मिळू शकतं. माझ्या 8,000 बाटल्या 90 रुपयांनी धरल्या तर उलाढाल 7,20,000 आणि 20 टक्के म्हणजे 1,44,000.

"पण सर, माझा खड्डा 3,32,000 चा आहे," मी म्हटलं.

"तेच सांगतोय. वीस टक्क्यांचं सूत्र बारा महिने सारखा चालणाऱ्या धंद्याला पुरतं. तुझा धंदा हंगामी. हंगामी धंद्याला बँका रोख अंदाजपत्रकावर मर्यादा ठरवू शकतात, कोणत्या महिन्यात किती आत, किती बाहेर. म्हणजे तू आत्ता फळ्यावर लिहिलंस तेच. हाच तक्ता अर्जाला जोडायचा." आणि मुलांकडे वळून म्हणाले, "ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला सूक्ष्म-लघु उद्योगाकडून तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. आईच्या पाटल्या कपाटातच राहू द्या."

मी फळ्याकडे बघत राहिले. मी तो तक्ता माझ्या चुकीची नोंद म्हणून आखला होता, आणि बँकेच्या भाषेत तोच अर्ज होता.

त्यानंतर सभेचं रूपच बदललं. हा भाग मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता आणि मला विचाराल तर तोच खरा मेळावा. लोक उठून आपापले आकडे सांगायला लागले. काजूवाल्याने सांगितलं, की कच्चा काजू मार्च ते मे घ्यायचा आणि पुढच्या मार्चपर्यंत फोडायचा, म्हणजे त्याचा खड्डा माझ्याहून कितीतरी खोल. एका मुलाने प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं विचारलं. 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख, हे त्याला पाठ होतं. बँकवाल्या सरांनी त्याला हळूच सांगितलं, की ती रक्कम कर्जखात्याशी बांधलेली राहते, साखरवाल्याला देता येत नाही. त्या मुलाने आपल्या वहीतली एक ओळ खोडली आणि नव्याने लिहायला घेतलं.

रत्नागिरीकडचे एक रोपवाटिकावाले काका, सत्तरीच्या घरातले, त्यांनी वेगळाच हिशोब मांडला. कोकमाची झाडं नर आणि मादी वेगवेगळी. बी लावलं तर झाड कोणतं निघालं ते मोहर आल्यावर कळतं, सात-आठ वर्षांनी. साधारण निम्मी नर निघतात. त्यांच्या वडिलांनी चाळीस रोपं लावली होती, आठ वर्षं पाणी घातलं आणि एकोणीस झाडांना फळच नाही. काकांनी याच विद्यापीठात मृदुकाष्ठ कलम शिकून घेतलं. 1997 मध्ये 'कोकण अमृता' ही जात आली तेव्हा तिची मातृझाडं लावली आणि कलमं विकायला सुरुवात केली. "आठ वर्षांचा तोटा मी लोकांचा वाचवतो, त्याचे पैसे घेतो," असं म्हणाले. किती साधं आणि किती नेमकं! आपण काय विकतो हे एवढ्या स्वच्छ शब्दांत मला आजही सांगता येत नाही.

एका मुलाने विचारलं, "ताई, एमपीएससी करत करत धंदा जमेल का?" मी त्याला खरं ते सांगितलं. पहिले दोन हंगाम जमणार नाही, कारण रातांबे पिकतात तेव्हा ते थांबत नाहीत. पण नोकरी करून चार पैसे साठवून मग धंद्यात यायला काहीच हरकत नाही. माझे 1,20,000 नोकरीतलेच होते. नोकरीकडे कमीपणाने बघायचं काही कारण नाही.

जेवणात सोलकढी होती. दोन वाट्या प्यायले. शेजारी ती वहीवाली मुलगी येऊन बसली. तिचं पान आता दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं, फळ्यावरचा अख्खा तक्ता तिने उतरवला होता. घरची पाच एकर जमीन, बांधाला कोकमाची तीसेक झाडं, वडील दरवर्षी रातांबे व्यापाऱ्याला घालतात. "ताई, हंगामात तुमच्याकडे येऊन राहू का? मला काम द्या, पैसे नकोत." मी म्हटलं, ये, आणि रोज घ्यावाच लागेल, कारण तो माझ्या तक्त्यात धरलेला असतो.

निघण्याआधी आम्ही सहाजण चहाला बसलो आणि ठरवलं, की आपापली एका वर्षाची वही, नफ्यातली असो की तोट्यातली, विद्यार्थ्यांना बघायला खुली ठेवायची. नाव देणं, समिती करणं वगैरे काही केलं नाही. बँकवाल्या सरांनी अर्ज तपासून द्यायचं कबूल केलं.

परीक्षा संपवून ती मुलगी मेच्या पहिल्या आठवड्यात कुडाळला आली, पाठीला सॅक आणि हातात घरच्या आंब्यांची पेटी. पहिल्या दिवशी वजनकाट्यापाशी उभी राहिली, क्रेट मोजून पावत्या लिहिल्या. दुसऱ्या दिवसापासून बायकांबरोबर रातांबे फोडायला बसली. संध्याकाळपर्यंत बोटं काळीजांभळी. 2025 चा तक्ता तिनेच आखला आणि भिंतीला चिकटवला.

त्या वर्षी पावसाने आम्हाला हंगाम पुरा करू दिला नाही. 20 मेच्या सुमारास जोराच्या सरी सुरू झाल्या आणि 25 मेला मोसमी पाऊस देवगडपर्यंत येऊन ठेपला. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. निम्मी आमसुलं अजून वाळायची होती. रसात बुडवून वाळवायचं पाचवं पुट दिलेली सोलं ताडपत्रीखाली गोळा केली, ड्रायर दिवसरात्र लावला. झाडांवरचं फळ पाण्याने फुटून गळायला लागलं. सकाळी आलेले क्रेट उघडून फोडायला बसणाऱ्या एक काकी म्हणाल्या, "ताई, ह्ये उद्याक कुसतले. आजच फोडूया." त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दहाजणी फोडत होतो, ती मुलगीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी युनिटवर गेले तर ती भिंतीपाशी उभी होती. मे महिन्याच्या रकान्यातला खरेदीचा आकडा खोडून तिने खरा भरला होता. मजुरी वाढवली होती, ड्रायरच्या विजेसाठी नवी ओळ घातली होती. पुढच्या प्रत्येक महिन्याचा 'उरले'चा आकडा ती पेन्सिलने नव्याने काढत होती. ऑक्टोबरपर्यंत पोचली होती.

"ताई, सप्टेंबरात उणे 46,000 येतंय," मागे न वळता ती म्हणाली. "सीसी वाढवून मागायची तर बँकेत आजच जायला हवं ना?"

मी छत्री घेतली. तिने भिंतीवरचा कागद अलगद काढला, गुंडाळी केली आणि भिजू नये म्हणून लेबलांच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला.